रायवळ पडला, पण कुठल्या बाजूला?

आवाज कुठून आला हे आपल्याला कळतं कारण तो एका कानात आधी पोचतो नि दुसऱ्यात किंचित उशिरा, आणि हा उशीर जास्तीत जास्त किती, तर साधारण ०.७ मिलिसेकंद. तेवढ्या जोरावर आमची आजी वेंगुर्ल्याच्या घरी मे महिन्यात रात्री अंथरुणातूनच सांगते, "आंबो पडलो, बावीकडे." मला हेच माइककडून करून घ्यायचंय, म्हणून २० सेंटीमीटरच्या चौकोनात चार छोटे माइक फळीवर बसवून खळ्यात ठेवलेत.

उबदार रात्री आवाज सेकंदाला साधारण ३४८ मीटर जातो, म्हणजे २० सेंटीमीटरला ०.५७ मिलिसेकंद, आणि ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलं, म्हणजे आवाज सेकंदाला ४८,००० वेळा मोजला, तर हे जेमतेम २७-२८ सॅम्पल (एक मोजणी म्हणजे एक सॅम्पल). सगळी दिशा एवढ्यातच शोधायची! आवाज समोरून आला तर एक सॅम्पल म्हणजे २ अंश, झकास, पण तोच दोन माइकच्या रेषेतून आला की शेवटच्या एका सॅम्पलमध्येच १५ अंश जातात, शिवाय दोनच माइक असले तर पुढून की मागून हेही कळत नाही. म्हणून चौकोन, एक जोडी ढिली पडली की दुसरी सांभाळून घेते. आणि चारही माइक एकाच क्लॉकवर हवेत, वेगवेगळे यूएसबी माइक लावले तर घड्याळं सरकत जातात आणि सगळा हिशोबच बोंबलतो.

वेळेतला फरक काढायला नॅप आणि कार्टर यांच्या १९७६ च्या पेपरमधली पद्धत, जीसीसी-फॅट. दोन रेकॉर्डिंग एकमेकांवर सरकवून कुठे जुळतात ते बघायचं, पण आधी सगळ्या फ्रिक्वेन्सींचा जोर सारखा करून फक्त फेज, म्हणजे लाट त्या क्षणी कुठल्या टप्प्यावर आहे तेवढं, ठेवायची, मग जुळणीचं टोक एकदम अणकुचीदार येतं. पण सगळ्यांना सारखं वजन म्हणजे समुद्रालाही! बाकी शांत असलं की दिशा सरळ पश्चिमेला, गाजेकडे जाऊन बसते. त्यामुळे आवाजाची पातळी एकदम उसळली तरच मोजायचं, आणि तेही पहिले १० मिलिसेकंदच, कारण मागे ३ मीटरवर चिऱ्याची भिंत आहे, समोरून आलेला आवाज तिच्यावर आपटून १७ मिलिसेकंदांनी परत येतो.

पाचोळ्यावर पडणारा आंबा यासाठी फार गुणी, धप्पकन पडतो आणि त्यात खूप फ्रिक्वेन्सी एकदम असतात. कोकिळाचं उलटं, त्याचा सूर जवळजवळ शुद्ध, आणि ८७० हर्ट्झच्या वर अर्धी लाट माइकमधल्या अंतरापेक्षा आखूड होते, मग एकाच सुराला दोन-दोन दिशा निघतात.

एका चौकोनातून फक्त दिशा मिळते, अंतर नाही, आणि आमच्याकडे एकाच रेषेत रायवळ आणि त्याच्यामागे फणस. म्हणून दुसरा चौकोन बावीपाशी लावणार, दोन रेषा जिथे कापतील तिथे आंबा. या दोघांना एक क्लॉक लागत नाही, प्रत्येकजण आपापला कोन काढतो, कुठल्या सेकंदाला पडला तेवढं जुळलं की पुरे. मिरगाच्या आधी उरकायचंय, एकदा पाऊस लागला की बेडकांपुढे माइकचं काही चालणार नाही.