मांडवा ते वेंगुर्ले : सागरी रस्त्यावर कुठली सायकल टिकते

नकाशावर कोकणचा सागरी रस्ता समुद्राला चिकटून जाताना दिसतो, त्यामुळे तो सपाट असेल असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात खाडी आली की रस्ता थेट समुद्रसपाटीला उतरतो, जेटी किंवा पूल ओलांडला की पुन्हा सड्यावर (कातळी पठारावर) चढतो, आणि सडा संपला की पुढचं गाव परत खाली नारळी-पोफळीत. हा खेळ दिवसभर चालतो. चढ घाटासारखे लांबलचक नसतात, पण उभे असतात, आणि एक संपून दम खातोय तोवर दुसरा समोर येतो. रस्त्याचंही तसंच. दहा किलोमीटर सुरेख डांबर, मग खडी उघडी पडलेला पट्टा, मग पुलाच्या कामामुळे तांबड्या मातीतून काढलेली वळणवाट. या रस्त्याला जाऊ इच्छिणारे बरेच जण पहिला प्रश्न सायकलीचाच विचारतात, म्हणून हा वृत्तांत मुख्यतः सायकलीच्या अंगाने लिहितोय.

आम्ही तिघं होतो. मावसभावाकडे ७०० सी चाकांची हायब्रिड (रोडबाईक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली), ३५ मिलिमीटरचे टायर. मैत्रिणीकडे पुढे शॉकअप असलेली साडेसत्तावीस इंची एमटीबी (डोंगरी सायकल). माझ्याकडे २६ इंची चाकांची जुनी स्टीलची एमटीबी. तिला शॉकअप नाही, पुढचं चाक धरणारा साधा लोखंडी चिमटा आहे, आणि टायर दोन इंची, कमी नक्षीचे. तिघांच्याही कॅरियरवर जवळपास सारखंच ओझं. एकाच रस्त्यावर तीन तऱ्हेच्या सायकली चालल्या, त्यामुळे तुलना आपोआप होत गेली.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरलो. २०२० पासून ही बोट सुरू आहे आणि सायकल चढवायला ती फार सोयीची आहे. मांडवा, अलिबाग, चौल, रेवदंडा, काशीद, मुरूड हा पहिला टप्पा अंगाला सायकलीची सवय व्हावी म्हणून चांगला आहे. शनिवार-रविवारी मात्र या पट्ट्यात गाड्यांची इतकी गर्दी असते की जायचंच झालं तर सोमवार-मंगळवारी जावं. खरा सागरी रस्ता आगरदांडा जेटी ओलांडून दिघीला उतरल्यावर सुरू होतो. दिवेआगरहून आरावीमार्गे श्रीवर्धनला जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता चुकवू नका. तिथे समुद्र उजव्या हाताला अगदी लागून असतो आणि सायकलवाल्याला हवा असतो तेवढा वेळ तो तिथे मिळतो.

हरिहरेश्वराजवळच्या बागमांडल्याहून वेश्वीला गेलो, मग बाणकोट, वेळास, केळशी. केळशीहून उटंबर चढून आडे, पाडले, आंजर्ले असा जो तुकडा आहे तिथे आम्हाला मधेमधे खडी सुटलेली लागली, आणि तिथेच तिन्ही सायकलींचा स्वभाव कळला. मावसभाऊ उतारावरही ब्रेक दाबून, उभा राहून चालवत होता. टायरमध्ये ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा, त्यामुळे प्रत्येक दगड थेट मनगटात. हवा कमी केली तर ट्यूब रिमला चेपून फाटायची भीती. मैत्रिणीचं शॉकअप हात वाचवत होतं, पण मागच्या चाकाचा हिसका तिला बसतच होता. माझ्या दोन इंची टायरमध्ये ४० पीएसआयच्या आसपास हवा होती आणि मी सीटवर बसून उतरलो. वजन, फ्रेम, ब्रँड यांवर माणसं तासन्‌तास बोलतात. पण खराब रस्त्यावर अंगाला जो आराम मिळतो तो बहुतांशी टायरमधल्या हवेचा असतो, आणि मऊ हवा ठेवायची तर टायर रुंद लागतो. सायकल घेताना टायर आणि चिमट्याच्या मधे किती जागा आहे ते आधी बघा. चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरचा टायर बसत नसेल तर ती सायकल शहरातल्या रस्त्यांना ठेवा. नक्षी मात्र खोल नको. मोठ्या गोट्यांचे टायर डांबरावर घरघरतात आणि दिवसभरात पाय थकवतात.

शॉकअपबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण दुकानात पहिल्यांदा तेच दाखवतात. स्वस्तातल्या सायकलींना येणारं स्प्रिंगचं शॉकअप अडीच किलोच्या आसपास भरतं. चढावर उभं राहून पायडल मारलं की ते खालीवर होतं आणि तुमची ताकद त्यात जाते. खाऱ्या हवेत त्याच्या नळ्यांवर गंज चढतो आणि मग ते हलेनासं होतं. वजन मात्र उरतंच. सह्याद्रीतल्या बैलवाटा, दगडी पायवाटा यांच्यासाठी चांगल्या प्रतीचं शॉकअप घ्यायलाच हवं. सागरी रस्त्याला साधा चिमटा आणि रुंद टायर हेच बरं पडतं. शिवाय साध्या चिमट्याला पाण्याची जादा बाटली, पुढचं कॅरियर असं काय काय लावता येतं.

दाभोळच्या जेटीवरून धोपाव्याला उतरलं की बोटीतून बाहेर पडता पडता चढ सुरू होतो. पाय गार, सामान मागे, आणि मागून बोटीतल्या सगळ्या गाड्या एकदम येतात. (सोपा उपाय आहे : सगळ्या गाड्या जाऊ द्या, पाणी प्या, मग निघा.) अशा चढांना गियर किती आहेत याला काही अर्थ नसतो, सगळ्यात हलका गियर किती हलका आहे हे महत्त्वाचं. हिशोब सोपा आहे. माझ्या सायकलीला पुढे सगळ्यात लहान चक्र २२ दात्यांचं, मागे सगळ्यात मोठं ३४ दात्यांचं. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण १.३ मीटर पुढे जाते. भावाच्या हायब्रिडला पुढे २८, मागे २८. एका फेऱ्यात जवळजवळ २.२ मीटर. म्हणजे मिनिटाला ५० फेरे मारले तरी मी ताशी चार किलोमीटरने रांगत चढू शकतो, त्याला साडेसहाचा वेग ठेवावाच लागतो, नाहीतर उतरून ढकलायची. तो तब्येतीने आमच्यात सगळ्यात दणकट, तरी जास्त वेळा ढकलत तोच होता. सायकल घेताना पुढचं लहान आणि मागचं मोठं चक्र, दोन्हींचे दाते मोजा. सामान घेऊन जायचं असेल तर पुढचा आकडा मागच्यापेक्षा बराच लहान हवा. सायकल आधीच घेतली असेल तर मागचं चक्र मोठं बसवून घेणं हा स्वस्तातला इलाज आहे. मात्र आपला डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढं मोठं चक्र ओढतो का ते मेकॅनिककडून बघून घ्या.

गुहागरला पोचता पोचता भावाचं मागचं चाक लडबडायला लागलं. आधी वाटलं चाकाची तार (आरा) तुटली. बाजारातल्या सायकलवाल्या काकांनी चाक काढलं, फ्रीव्हील (मागच्या गियरच्या चक्रांचा गठ्ठा) उतरवलं, एक्सल (चाकाचा मधला दांडा) बाहेर काढला आणि समोरच्या काचेच्या कपाटावर ठेवून बोटाने घरंगळवला. एक्सल एका बाजूला उचलत, टक टक करत गेला. ‘वाकलाय. गियरवाल्या बाजूलाच वाकतो हा, कायम,’ काका म्हणाले. कारण त्यांनी चाकावरच दाखवलं. फ्रीव्हीलच्या हबमध्ये (हब म्हणजे चाकाचा मधला गाभा) सगळी गियरची चक्रं हबच्या बाहेर आटे फिरवून बसवलेली असतात, त्यामुळे त्या बाजूचे छर्रे फ्रेमपासून खूप आत राहतात. मधला एक्सल आधाराविना लोंबतो, मागे सामान ठेवलं आणि खड्डे खाल्ले की तिथेच वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये (जिथे चक्रं आट्यांवर न फिरवता हबच्याच भागावर सरकवून बसवतात) त्या बाजूचे छर्रे पार बाहेर, फ्रेमजवळ असतात, म्हणून तो भार सहन करतो. काकांनी नवा एक्सल घातला, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ पाव इंची छर्रे ग्रीसमध्ये बसवले, कोन (छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट) आवळून चाक बोटाने फिरवून बघितलं, जरासा सैल केला, पुन्हा फिरवलं. तो कोन आवळणारा हात बघण्यासारखा होता. तासाभरात सायकल तयार.

तर सायकल विकत घेताना हा प्रश्न दुकानदाराला विचाराच : मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट? मागे सात चक्रं असतील तर बहुतेक वेळा फ्रीव्हील असतं. आठ किंवा जास्त असतील तर कॅसेटची शक्यता जास्त, पण आठचं फ्रीव्हीलही मिळतं, तेव्हा खात्री करून घ्या. चकचकीत रंग आणि डिस्क ब्रेक दिसतात, हब कोणी बघत नाही. लांबच्या प्रवासाला मी पैसे आधी मागच्या चाकात घालीन : कॅसेटचा हब, दुहेरी भिंतीची रिम, ३६ तारा. ३२ तारांचं चाकही नीट ताणून बांधलेलं असेल तर चालतं.

टिकाऊपणाचा दुसरा भाग म्हणजे वाटेत काय मिळतं. कोकणातल्या लहान बाजारपेठेत २६ इंची ट्यूब हमखास सापडते, कारण शाळेतली मुलं त्याच चाकांच्या सायकली चालवतात. साडेसत्तावीस आणि २९ इंची आता शहरात सर्रास दिसतात, पण ट्यूब शोधायला रत्नागिरी गाठावी लागेल असं धरून चाला. २९ इंची आणि ७०० सी यांच्या रिमचा व्यास एकच, ६२२ मिलिमीटर, हे लक्षात असलं तर शोधताना मदत होते. साडेसत्तावीसच्या टायरमध्ये अडचणीला २६ ची ट्यूब ताणून बसते. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर तो जाड व्हॉल्व्हसारखा करणारी पितळी टोपी दोन तरी खिशात ठेवा. तसंच, तारेवर चालणारे ब्रेक घ्या. व्ही-ब्रेक किंवा तारेचे डिस्क, दोन्ही चालतील. तेलावरचे डिस्क ब्रेक दाबायला सुंदर असतात, पण जेटीवर चढवता-उतरवताना पाइप ओढला गेला तर गावात कोणी ते दुरुस्त करून देणार नाही. गियरची एक जादा तार, चेनचा जोड, दोन-तीन आरे आणि आपल्या चक्राचा पाना एवढं सोबत असलं की बाकीचं कोकणातले मिस्त्री निभावतात. त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

कॅरियरचे स्क्रू हादऱ्यांनी सैल होतात. रोज संध्याकाळी चार मिलिमीटरच्या ॲलन कीने आवळायची सवय लावा.

आता खारं पाणी. ओल्या वाळूवरून सायकल चालवतानाचे फोटो फार छान येतात आणि त्या एका फोटोसाठी चेन, छर्रे, ब्रेक सगळ्यांची वाट लागते. कृपा करून लाटेत सायकल घालू नका. जेटीच्या उतरणीवरही भरतीचं पाणी साचलेलं असतं, तिथे सायकल उचलून न्या. मुक्कामाला पोचलं की घरमालकांकडे बादलीभर विहिरीचं पाणी मागा, सायकल धुवा, चेन फडक्याने कोरडी करा, प्रत्येक कडीवर थेंबभर तेल, आणि वरचं जादा तेल पुसून टाका. सीटच्या दांडीला ग्रीस लावून ठेवलं नाही तर ती फ्रेममध्ये जाम होते. स्टीलच्या फ्रेमला एवढं जपावं लागतं, पण ती जमिनीकडून येणारा बारीक कंप कमी जाणवू देते, आणि अगदी तडा गेला तर गावातला वेल्डिंगवाला वेळ मारून नेऊ शकतो. ॲल्युमिनियमला तो हात लावणार नाही.

सीटबद्दल एकच आग्रह : गादीसारखी फुगीर जेलची सीट नको. पहिला तासभर ती सुखाची वाटते, नंतर मांड्या घासायला लागतात. बसण्याची दोन हाडं जिथे टेकतात तेवढीच रुंद, जरा टणक सीट आणि पॅडची चड्डी. उंची ठरवताना पायडल पार खाली असताना त्यावर टाच टेकवा, पाय सरळ झाला पाहिजे. गुडघेदुखीच्या निम्म्या तक्रारी इथेच सुटतात.

पुढचा मार्ग थोडक्यात. वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ, तिथून जयगडला बोट, मग मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारे. रत्नागिरीच्या पुढे पावस, पूर्णगडचा पूल, कशेळी, आडिवरे, जैतापूर. हा पट्टा सड्यांचा आहे आणि ऊन डोक्यावर आलं की सावली म्हणून मिळत नाही. माणशी तीन लिटर पाणी घ्या, पहाटे उजाडताच निघा, अकरा-साडेअकराला कुठल्यातरी देवळाच्या सभामंडपात थांबा. देवगडहून तारामुंबरी-मिठमुंबरीच्या पुलावरून कुणकेश्वर, मग आचरा, मालवण, परुळे, वेंगुर्ले. मालवणच्या पुढचा रस्ता मला सगळ्यात आवडला. चढ आहेत, पण माड, फणस, काजूंच्या सावलीतले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. दुपारच्या जेवणाची चिंता करू नका, पण घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून किती ताटं ते सांगावं लागतं. जेट्यांच्या वेळा आदल्या संध्याकाळी स्थानिकांना विचारून घ्या, विशेषतः शेवटची बोट.

परत येताना कुडाळ किंवा सावंतवाडी रोडहून रेल्वे. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये लगेज म्हणून चढते. प्रवासाचं तिकीट दाखवून पार्सल कार्यालयात नोंदवायची, त्यासाठी गाडीच्या बऱ्याच आधी पोचायचं. पायडल काढून पिशवीत ठेवा, डिरेलरवर जाड पुठ्ठा बांधा, हँडल आडवं फिरवा, नाव, फोन आणि उतरण्याचं स्टेशन लिहिलेली चिठ्ठी दोन ठिकाणी अडकवा. गाडी जिथे दोन-तीन मिनिटंच थांबते तिथे सामान चढवतील-उतरवतील याची खात्री नसते, त्यामुळे ठाणे, पनवेल की थेट मुंबई हे तिकीट काढण्याआधीच पार्सल कार्यालयात विचारून ठरवा.