कंचेभागुबेव कुणी ठरवलं?

"सर, कंचेभागुबेव हा निसर्गाचा नियम हाय का माणसानं केलेला?" कंचेभागुबेव म्हणजे कंस, 'चे', भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, हा शाळेत पाठ करून घेतात तो आकडेमोडीचा क्रम. परभणी जिल्ह्यात मी तीस वर्षं गणित शिकवलं. हा प्रश्न वर्गात आला, लग्नाच्या मांडवात आला, आणि व्हॉट्सअॅपवर 8 ÷ 2(2 + 2) चं कोडं फिरायला लागलं की अजूनही येतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे वडील सोयाबीन घेऊन मोंढ्यावर जायचे. समजा, टेम्पोचं भाडं 150 रुपये आणि 12 कट्ट्यांची हमाली कट्ट्यामागं 20 रुपये. खर्च झाला 150 + 12 × 20. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर हे असंच दाबत गेलात तर 3240 येतात, सायंटिफिकवर 390. वडील चौथी शिकलेले, पण 390 त्यांच्या तोंडावर असायचे. भाड्याच्या रुपयांत कट्टे कुणी मिळवतं का?

म्हणजे गुणाकार आधी हे सत्यच, असं इथं वाटतं. पण कट्ट्यामागं हमाली 20 आणि तोलाई 5 असेल, तर आधी बेरीज करणंच सोपं: 12 × (20 + 5), म्हणजे 300. व्यवहारात दोन्ही तऱ्हा येतात. त्यातली कुठली कंसाशिवाय लिहायची आणि कुठलीला कंस लावायचा, एवढं माणसानं ठरवलं. उलटंही ठरवता आलं असतं. मग आपण 150 + (12 × 20) असं लिहिलं असतं, आणि खिशातून 390 च गेले असते. हमाली-तोलाई एकत्र धरून 12 नं गुणा, नाहीतर वेगवेगळी गुणून मिळवा, 300 च होणार. हे मात्र कुणी ठरवलेलं नाही, आणि कुणाला बदलताही येणार नाही.

मग हाच संकेत का रुजला? 347 म्हणजे 3 × 100 + 4 × 10 + 7. 3क्ष² + 5क्ष + 2 घ्या. आधी गुणून मग मिळवायचं, ही मांडणी गणितात पावलोपावली येते. तिथं दरवेळी कंस घालायचे म्हटलं तर वाचणारा थकून जाईल. माझ्या मते या संकेतामागं चांगली अक्कल आहे, पण शेवटी तो संकेतच. केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएल या संगणकभाषेत सगळ्या क्रियांना सारखाच मान, आणि आकडेमोड उजवीकडून सुरू होते. तिथं 2 × 3 + 4 चं उत्तर 14. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी 1920 च्या दशकात चिन्हं पुढं आणून कंसच काढून टाकले. त्यांच्या रीतीनं आपला हिशेब + 150 × 12 20 असा होईल. तरी 390 च.

कंचेभागुबेव पाठ करून घेताना माझ्याकडूनही एक चूक झाली, ती मनाला लागून आहे. सातवीतल्या एका मुलानं 10 − 3 + 2 चं उत्तर 5 लिहिलं. 'बे' आधी, 'व' नंतर, म्हणून त्यानं 3 आणि 2 आधी मिळवले. मी फुली मारली, पण मीच शिकवलेलं त्यानं अक्षरशः पाळलं होतं. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, डावीकडून जसं येईल तसं करायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. दहा रुपये होते, तीन खर्चले, दोन आले, असं विचारलं असतं तर त्यानं 9 सांगितले असते. भागाकार-गुणाकाराचंही तसंच, एकच पायरी. तिथं 'भा' आधी केला तर सहसा बिघडत नाही, म्हणून ती चूक दिसत नाही एवढंच.

आता ते व्हॉट्सअॅपचं कोडं. डावीकडून गेलात तर 16. 2(2 + 2) ला एकजीव मानलंत तर 1. माझं उत्तर: ते लिहिलंयच चुकीचं. आयएसओ 80000-2 हे आंतरराष्ट्रीय मानकही सांगतं की भागाकाराच्या तिरप्या रेघेनंतर त्याच ओळीत गुणाकार किंवा भागाकार आला, तर कंस घाला. कंस कुठं घालायचा, हे ज्यानं लिहिलं त्यालाच माहीत. भाकरी किती आणि माणसं किती, हे सांगितल्याशिवाय वाटा कसा सांगू?

वडिलांच्या हिशेबाच्या जुन्या पट्ट्या ट्रंकेत आहेत. एकातही कंस नाही. एका ओळीत कट्टे, दर आणि उजव्या कडेला रक्कम, पुढच्या ओळीत भाडं, खाली रेघ, आणि रेघेखाली बेरीज.