उंच खुराड्यात पिल्लं आपली आपण चढावीत म्हणून

जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, चार खांबांवर उभं केलेलं खुराडं परसातल्या कोंबड्यांसाठी उत्तम. पावसाचं पाणी आत शिरत नाही, खालून हवा खेळते, घूस-मुंगसांना सहज पोचता येत नाही. अडचण येते ती लहान पिल्लांची. मोठ्या कोंबड्या दिवेलागणीला मुकाट वर चढतात आणि सहा ते दहा आठवड्यांची पिल्लं खालीच राहतात. कुणी भिंतीच्या कोपऱ्यात, कुणी पायरीआड, आणि बहुतेक सगळी खुराड्याच्याच पोटाखाली एकमेकांना बिलगून. मग रोज अंधारात टॉर्च घेऊन एकेक पकडायचं आणि आत सोडायचं. महिनाभर असं केलं तरी पिल्लं शिकत नाहीत, कारण आत जायची वाट त्यांनी पायाने कधी धरलेलीच नसते. निदान शेवटची दोन पावलं त्यांची त्यांनी टाकायला हवीत.

याच वयात हे का होतं, ते आधी पाहू. देशी खुडूक कोंबडीने उबवलेली पिल्लं आईच्या पंखाखाली, डालग्यात, जमिनीवर झोपत आलेली असतात. सहा-आठ आठवड्यांनी कोंबडी पुन्हा अंड्यावर येते, पिल्लांना टोचून दूर करते आणि स्वतः वर दांडीवर जाऊन बसते. पिल्लांच्या लेखी मात्र झोपायची जागा म्हणजे जमीन. ब्रूडरमध्ये, म्हणजे दिव्याच्या उबेवर वाढवलेल्या गिरिराज-वनराज या सुधारित जातींच्या पिल्लांना तर वाट दाखवायला आईही नसते. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या, विकत आणल्या असतील, तर तुमचं खुराडं त्यांनी पाहिलेलंच नसतं.

म्हणून पहिले पाच ते सात दिवस पिल्लं खुराड्यातच कोंडून ठेवायची. खाणं-पाणी आतच. या जागेत अंधार पडतो, इथेच सकाळ होते, इथे कुणी धरत नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडू द्यायचं. दोन दिवसांत बाहेर काढण्याची घाई केली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मात्र अंगावर पुरती पिसं आल्याशिवाय, म्हणजे साधारण पाच-सहा आठवड्यांआधी, उबेचा दिवा नसलेल्या खुराड्यात हलवू नये. थंडीत पिल्लं एकावर एक ढीग करतात आणि खालची गुदमरून मरतात. तळाला भाताचं तूस दोन-तीन इंच पसरावं आणि चारही कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून लावून कोपरे गोल करावेत, म्हणजे ढीग होत नाही. दांडीवर बसली नाहीत तरी चिंता नको, या वयात जमिनीवर झोपणं स्वाभाविक आहे. सहा-आठ इंच उंचीची एक गोल दांडी ठेवली की हळूहळू बसू लागतात. अंडी घालायचे खोके मात्र गोणपाटाने झाकावेत. पिल्लांना तिथे झोपायची सवय लागली तर पुढे अंडी विष्ठेने माखतात.

आता शिडी. निम्मं यश या एका फळीत आहे. फळीची लांबी दाराच्या उंचीच्या दुप्पट असावी, म्हणजे चढ तीस अंशांचा होतो. अडीच फुटांवर दार असेल तर पाच फुटांची फळी. वनराजसारख्या जड अंगाच्या पिल्लांना सहा फूट दिली तर आणखी बरं. रुंदी नऊ-दहा इंच. वर बांबूच्या कामट्या आडव्या ठोकायच्या, दोन कामट्यांमध्ये तीन इंचांपेक्षा जास्त अंतर नको. मोठ्या कोंबडीला सहा इंच चालतात, पण पिल्लाचं पाऊल लहान असल्याने ते मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर घसरतं, आणि दोनदा घसरलेलं पिल्लू तिसऱ्यांदा फळीकडे फिरकत नाही. खिळ्यांची टोकं कुठेही वर येऊ देऊ नका, तळव्याला जखम झाली की आत पू धरतो. नुसत्या दांड्यांची उघडी शिडी पिल्लांसाठी टाळावी. पायाखालून जमीन दिसली की ती बिचकतात. फळीचं वरचं टोक उंबऱ्याला चिकटून आणि समपातळीत हवं. तिथे दोन बोटांची फट किंवा तीन इंचांची उडी राहिली, तर पिल्लू अगदी वर येऊन मान लांबवतं, एक पाय उचलतं, मागे घेतं आणि वळून खाली उतरतं. फळीच्या दोन्ही कडांना तीन-चार इंच उंच पट्टी असावी. पावसाळ्यात ओल्या फळीवर शेवाळ धरतं, म्हणून छपराची वळचण फळीवर दीड फूट तरी पुढे काढावी.

फळी अंगणाच्या मध्ये उघड्यावर उतरवू नका, भिंतीला लागून उतरवा. घाबरलेलं पिल्लू भिंतीच्या कडेने पळतं, ते आपसूक फळीच्या तोंडाशी येतं. आणि खुराड्याखालची मोकळी जागा चारही बाजूंनी जाळीने पक्की बंद करा. वर छप्पर, भोवती खांब, वाऱ्याला आडोसा असल्यावर पिल्लांना हेच घर वाटतं. हे भोक बुजवलं नाही तर बाकीची मेहनत फुकट.

दुसरी गोष्ट उजेडाची. बाहेर संधिप्रकाश असतानाच खुराड्याच्या आत काळोख झालेला असतो, आणि पिल्लं काळोखात शिरत नाहीत. आतल्या मागच्या भिंतीला, दारासमोर, खालच्या बाजूला दोन-तीन वॅटचा पिवळसर दिवा लावावा. बॅटरीवरचा असला तर वीज गेल्यावरही चालतो. तूस उजळून दिसेल इतका प्रकाश पुरे. मावळतीच्या अर्धा तास आधी लावायचा, सगळी आत आल्यावर बंद करायचा. त्याच वेळी पडवीचा आणि अंगणातला दिवा मालवा, नाहीतर पिल्लं उजेडाकडे, म्हणजे थेट तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात गोळा होतील. पावसाळी ढगांमुळे अंधार लवकर येतो, म्हणून घड्याळापेक्षा आभाळ पाहून दिवा लावावा.

कोंडून ठेवायचा आठवडा संपला की पहिल्यांदा बाहेर सोडायचं ते संध्याकाळी, अंधार पडायच्या तासभर आधी, आणि रिकाम्या पोटी. डब्यात तांदळाची कणी किंवा भरडलेली ज्वारी घेऊन डबा वाजवायचा आणि दाणे फक्त आत, उंबऱ्यापलीकडे टाकायचे. फळीवर चिमूटभरच. बहुतेक पिल्लं आत जातील. जी राहतील त्यांच्यामागे धावू नका. पुरता काळोख झाला की ती निपचित बसतात, तेव्हा दोन्ही हातांनी पंख दाबून उचला आणि खुराड्यात न ठेवता फळीवर, दारापासून पाच-सहा इंचांवर, तोंड आतल्या दिव्याकडे करून ठेवा. एक-दोन पावलं टाकून ते आत जातं. दुसऱ्या दिवशी पिल्लू फळीवर हातभर खाली ठेवा, मग फळीच्या मध्यावर, मग पायथ्याशी. चार-सहा संध्याकाळीत बरीचशी पिल्लं स्वतः चढू लागतात, आणि उरलेली त्यांच्यामागून येतात.

घरात जुन्या कोंबड्या असतील तर त्या दाराजवळची जागा अडवून बसतात आणि येणाऱ्याच्या डोक्यात चोच मारतात. पिल्लू मार खाऊन परत फिरतं, आणि आपल्याला वाटतं त्याला चढता येत नाही. पहिला आठवडा खुराड्यात जाळीचा पडदा लावून दोघांना शेजारी-शेजारी ठेवावं. दाराच्या आतला फूट-दीड फूट भाग मोकळा, दांड्या सगळ्या मागे. पुढचे काही दिवस पिल्लांना आधी आत घ्यावं, मोठ्यांना नंतर.

कडकनाथ आणि देशी पिल्लं तिसरीच वाट शोधतात, झाडाची. एकदा आंब्याच्या फांदीवर रात्र काढली की ती सवय मोडणं फार जड जातं. पहिल्याच संध्याकाळी उतरवून फळीवर आणा आणि हाताशी येणाऱ्या फांद्या छाटा.

दार लावण्याआधी मोजणी करा. कडी अशी हवी की मुंगसाने नाकाने ढकलून उघडणार नाही. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली. षटकोनी मोठ्या भोकांच्या जाळीतून धामण आरामात आत येते.

रोज चढणारी पिल्लं अचानक आत जाईनाशी झाली तर फळीला किंवा पिल्लांना दोष देऊ नका. रात्री दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं घासून पाहा. त्यावर लालसर तपकिरी डाग उमटले तर माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, झाले आहेत. ते दिवसा लाकडाच्या फटींत दडतात आणि रात्री पक्ष्यांचं रक्त पितात, त्यामुळे पिल्लं बाहेर झोपणं पसंत करतात. सगळं तूस काढून जाळावं, दांड्या काढून उकळतं पाणी ओतावं, प्रत्येक फट घासून चुना लावावा, आणि आठवड्याने पुन्हा तेच करावं, कारण माइटच्या अंड्यांतून नवी कीड निघते. पिल्लांचे तुरे फिकट दिसत असतील तर औषधासाठी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.