आधी पूजा बघावी, मग सोवळं

नारळी पौर्णिमा

आज श्रावणी, म्हणजे जानवं बदलण्याचा विधी. यजुर्वेद्यांची पौर्णिमेला, ऋग्वेद्यांची श्रवण नक्षत्रावर; बहुतेक वर्षी दोन्ही लागूनच येतात. बऱ्याच घरांत कपाटातलं सोवळं वर्षातून पहिल्यांदा याच सुमाराला बाहेर निघतं, आणि निघतो तो नेमका जरीचा पीतांबर. श्रावणीत पंचगव्य असतं, म्हणजे गोमूत्र, शेण, दूध, दही, तूप सगळं हाताशी. होम असतो, तुपाची पळी वर-खाली होत असते. यात जरीच्या काठाचा निभाव लागत नाही. आजच्याला धुतलेलं सुती धोतर उत्तम, फार तर बिनजरीचा रेशमी कद. पीतांबर चतुर्थीसाठी राखावा.

पूजेला काय नेसायचं हे ठरवताना लोक आधी रंग बघतात. मला वाटतं, आधी पूजा बघावी. पाणी किती, विस्तव किती जवळ, बसणं किती वेळ, उठबस किती. सत्यनारायणाला बसणं लांबलचक पण पाणी बेताचं, तिथं रेशीम चालतं. लघुरुद्राला अभिषेकाची धार सतत, ताम्हनातलं पाणी मांडीपर्यंत येणारच. रेशमावर त्या पाण्याचे कडा असलेले डाग पडतात आणि वाळल्यावर जास्त उठून दिसतात. रोजच्या देवपूजेला धुवट पंचा पुरे. रंगाचा विचार त्यानंतर. नवरात्रातल्या नऊ रंगांचं तर शास्त्राशी काही नातं नाही. ती प्रथा वर्तमानपत्रांतून आली आणि गेल्या वीसेक वर्षांत रुळली. हौस म्हणून छान आहे, चुकली तर देवी रागावत नाही.

सुती वस्त्र रोज धुवायचं, वाळल्यावर कुणी शिवेपर्यंत ते सोवळ्यातलं. रेशमाला आणि लोकरीला ही अट सैल. कद, मुकटा, पीतांबर ही रेशमाची घराणी, धाबळी लोकरीची. यामागे व्यवहारच असावा: सूत घाम पिऊन ठेवतं आणि धुण्याला दाद देतं, रेशीम रोज धुतलं तर वर्षभरही टिकणार नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कोणतं वस्त्र कशानं शुद्ध करायचं ते सांगितलं आहे. रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीनं, कांबळी रिठ्यानं, जवसाच्या धाग्याचं वस्त्र पांढऱ्या मोहरीनं. धर्मशास्त्रापेक्षा धोब्याच्या वहीतलं पान वाटावं असा तो श्लोक आहे. रेशमाला खारी माती मात्र आज कुणी लावू नये. रेशीम प्रथिनांचा धागा, क्षार त्याला खातो. कांबळ्यांचा रिठा रेशमाला द्यावा, हे उलटं केलेलं बरं.

गोकुळाष्टमी

पाऊस थांबत नाही. कोकणात आणि मुंबईत या दिवसांत खरा प्रश्न सुती सोवळं वाळण्याचा. चार मीटरचं धोतर चौपदरी घडी करून दांडीवर टाकलं की आतले पदर सकाळपर्यंत ओलेच राहतात आणि कुबट वास येतो. आदल्या दिवशी संध्याकाळी धुवावं, कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबावं, पिळू नये, आणि एकपदरी, पंख्याखाली, काठीनं उंच दांडीवर टाकावं. उंच दांडी आणि काठी ही शिवाशिव टाळण्यासाठी, पण वर हवा जास्त खेळते हाही फायदा आहेच.

ओलेत्यानं पूजा करायची पद्धत आहे. पंधरा मिनिटांची असेल तर ठीक. दोन तास ओल्या धोतरात बसलं की जांघेत गजकर्ण ठरलेलं, मधुमेह असेल तर आधीच. ज्यांना ओलेतं आवश्यक वाटतं त्यांनी संकल्पापुरतं ओलं ठेवून मग कोरडं रेशमी नेसावं.

देवळात जायचं असेल तर निवड आपल्या हाती फारशी उरत नाही. त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना सोवळं लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये स्त्रियांना तासभर प्रवेश देताना ओलं सुती किंवा रेशमी वस्त्र अशी अट घातली गेली. प्रभादेवीच्या सिद्धिविनायक न्यासानं जानेवारी २०२५ मध्ये तोकडे आणि फाटके कपडे नकोत असा नियम केला. निघण्यापूर्वी त्या त्या देवस्थानाची अट विचारून घ्यावी, कारण दारात भाड्यानं मिळणारं सोवळं आपल्याआधी किती जणांनी नेसलं याचा हिशेब नसतो. पंढरीच्या वारकऱ्याला यातलं काहीच लागत नाही. धुवट धोतर-सदरा, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला गोपीचंदन, झालं.

सोवळ्याची दुसरी बाजूही याच वहीत लिहून ठेवलेली बरी. अंघोळ, धुतलं वस्त्र, स्वच्छ हात इथवर ते चांगलंच आहे. पण हेच सोवळं माणसाला दाराबाहेर ठेवायला वापरलं गेलं, आणि ते फार जुनं नाही. २०१७ मध्ये पुण्यात स्वयंपाकीण बाईंनी जात लपवून सोवळं मोडलं म्हणून पोलिसांत तक्रार गेली होती; गदारोळ झाल्यावर ती मागे घेतली. कुणी शिवलं म्हणून सोवळं बदलायचं असेल तर निदान खिशातल्या फोनपासून सुरुवात करावी. दिवसभर सगळीकडे ठेवलेला तो फोन पोथी म्हणून चौरंगाला टेकवलेला असतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

पिठोरी अमावास्या

खरेदीचा हंगाम. बाजारात ‘सोवळं’ म्हणून जे झगमगीत मिळतं ते पुष्कळदा पॉलिएस्टर किंवा व्हिस्कोस असतं, नाव ‘आर्ट सिल्क’, म्हणजे कृत्रिम रेशीम. स्वस्त असतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार निरांजनाजवळ. पॉलिएस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. तसं झालं तर कापड ओढून काढू नये, गार पाणी सोडत राहावं आणि डॉक्टर गाठावा.

ओळखायचं कसं? काठाजवळचे, आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंचे, तीन-चार धागे काढून चिमट्यात धरून पेटवावेत. केस जळल्यासारखा वास आणि बोटानं चुरडली जाणारी काळी राख: रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. कागदासारखं भुर्रकन जळून करडी राख उरली तर व्हिस्कोस किंवा सूत. उभा-आडवा दोन्ही धागा तपासायचा, कारण एका बाजूला रेशीम आणि दुसऱ्या बाजूला भलतंच असं विणलेलं कापड सर्रास विकतात. हा खटाटोप नको असेल तर सिल्क मार्कचं लेबल बघावं. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं २००४ पासून ते मिळतं. येवल्याचं विणकाम प्रसिद्ध आहेच. भंडाऱ्याकडचं टसर म्हणजे रानातल्या कोशांचं रेशीम, करवतीच्या दात्यांसारख्या काठाचं (करवतकाठी), जरा खरखरीत पण बसायला घट्ट, कमरेवरून घसरत नाही. पूजेसाठी मला टसर जास्त पटतं. ज्यांना कोश उकळून काढलेलं रेशीम नको असतं, त्यांच्यासाठी पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोशांचं अहिंसा रेशीम आहे. त्याचा धागा तुटक असतो, कातावा लागतो, म्हणून चमक कमी. नाहीतर सरळ सुती.

लांबी बघून घ्यावी. मध्यम उंचीच्या माणसाला चार मीटर, उंच किंवा पोट सुटलेल्याला साडेचार. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, त्याहून महत्त्वाचा आणि तो कुणी मोजत नाही. बेंबीपासून घोट्यापर्यंतचं माप घ्यावं, त्यात चार बोटं वाढवावीत. पन्हा त्याहून कमी असेल तर धोतर पोटऱ्यांवर अडकतं, फार जास्त असेल तर आरतीला उठताना पायात येतं. नवं कापड एकदा पाण्यातून काढावं. खळ असते तोवर ते फुगतं आणि गाठ धरत नाही.

नेसायचा सराव आजच करावा, चतुर्थीच्या पहाटे नव्हे. धोतर पाठीमागून कमरेभोवती आणून दोन्ही टोकं पुढे घ्यायची, मध्य पाठीच्या कण्यावर. सराव झाला की निऱ्यांची बाजू वीतभर मोठी घेता येते. बेंबीशी दोन्ही वरच्या कडांची मूठमूठ घेऊन पक्की गाठ. इथं पोट आत ओढू नये; बसल्यावर पोट आपल्या जागी येतं आणि मग तासभर श्वास कोंडतो. गुळगुळीत रेशीम असेल तर कमरेला सुती करगोटा असावा, गाठ त्यावर बसते. मग डाव्या टोकाच्या चार बोटं रुंद निऱ्या करून त्या पायांमधून मागे घ्यायच्या आणि पाठीशी मध्यावर खोचायच्या, हा कासोटा. खोचण्याआधी एकदा उकिडवं बसून बघायचं. उभ्यानं घट्ट ओढलेला कासोटा मांडी घालताना एकतर सुटतो नाहीतर कापड उसवतो, पूजेत धोतर सुटण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच. शेवटी उजव्या टोकाच्या निऱ्या करून बेंबीखाली खोचायच्या. आत सुती लंगोट किंवा चड्डी हवीच. पांढरं धोतर ओलं झालं की आरपार दिसतं.

शिवलेलं सोवळं मिळतं, इलॅस्टिक आणि खिशासकट. पूजेला बिनशिवलेलं वस्त्र हा मूळ दंडक असल्यानं तो प्रकार तसा गमतीचाच. पण ज्याचं निम्मं लक्ष गाठीकडे राहणार त्यानं खुशाल शिवलेलं घालावं. घेताना दुकानात मांडी घालून बसून बघायचं. जांघेची शिवण तिथंच टरकते.

हरतालिका

उद्याच्या नैवेद्याची तयारी आज. बायकांच्या सोवळ्याची अडचण वेगळी, कारण पूजेपेक्षा जास्त वेळ ओट्याशी जातो आणि तिथं वाफ, गॅस, गूळ, तूप सगळं आहे. रेशमी नऊवारी नेसून मोदक करणं फोटोत छान दिसतं. प्रत्यक्षात काठाला उकडीचं पीठ वाळतं, जरीवर तूप बसतं, आणि सुटा पदर शेगडीवर जातो. स्वयंपाकाला वेगळं धुवट सुती लुगडं, पदर कमरेला आवळून खोचलेला. पूजेला बसण्यापूर्वी रेशमी. काष्ट्याची नऊवारी मांडी घालायला सोपी, उठबस करताना पाय मोकळे. पाचवारी नेसायची तर परकराची नाडी रुंद घ्यावी. बारीक नाडी तासाभरात काचते. सेफ्टी पिना स्टीलच्या आणि पूजा संपली की लगेच काढायच्या. गंजलेल्या पिनेचा डाग रेशमावरून जात नाही.

परदेशात चतुर्थी बहुधा कामाच्या दिवशी येते आणि उत्तरेकडच्या देशांत थंडीही सुरू व्हायला लागलेली असते. तिथं धाबळी अगदी रास्त: लोकरीची, उबदार, धुण्याची घाई नाही. फक्त तिकडचं कपडे वाळवायचं यंत्र रेशीम आणि लोकर दोन्हींना वर्ज्य. एका फेरीत धाबळीचा पंचा होतो.

चतुर्थी, पहाटे

उपरणं. त्याचं सुटं टोक निरांजनावर झुलतं, विशेषतः वाकून फुलं वाहताना. पूजेपुरतं ते कमरेला बांधावं, आरतीला खांद्यावर घ्यावं. बसायला लाकडी पाटावर सुती आसन, रेशमाखाली नुसता पाट घसरतो. हळद-कुंकवाची बोटं पुसायला उजव्या हाताशी ओला रुमाल ठेवला की ती सोवळ्याला पुसली जात नाहीत. बस्स.

गौरी-विसर्जनानंतर

धुण्याआधी डाग बघायचे. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. हळद क्षाराला लाल होते, कुंकू पूर्वी तसंच करत. गार पाण्यानं धुऊन तेवढाच भाग थोडा वेळ उन्हाला दाखवावा, हळदीचा रंग उन्हात उडतो. सगळं वस्त्र मात्र उन्हात नको, रेशीम पिवळं आणि ठिसूळ होतं. पंचामृताचा डाग गार पाण्यानंच. गरम पाण्यानं दूध धाग्यात बसतं. तुपावर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवून सकाळी झटकावी.

एका धोतराला आठ-दहा रिठे, बिया काढून, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचे. सकाळी चोळून गाळायचे आणि अर्ध्या बादली साध्या पाण्यात मिसळायचे. रेशीम त्यात पाच मिनिटं हलकेच खालीवर करायचं, घासायचं नाही. दोन पाणी काढून शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर. लाल कद एकटाच धुवायचा. पहिले काही वेळा तो रंग सोडतोच, आणि मिठानं रंग पक्का होतो यावर विसंबून पांढरं उपरणं त्यात टाकू नये. सावलीत वाळवायचं, इस्त्री उलट बाजूनं, जरीवर मलमल ठेवून.

ठेवताना जुन्या मलमलीत गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, आत ओल कोंडते. डांबराच्या गोळ्या आणि अत्तर जरीला लागू द्यायचं नाही, जर काळवंडते. वाळलेला कडुनिंब किंवा लवंगांची पुरचुंडी कापडाबाहेर ठेवली तरी काम होतं. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेघेवर घालायची, नाहीतर पीतांबर काठाशी नव्हे, घडीवरच फाटतो.