आमची वाटचाल : खोक्यातून गेलेली फळझाडे

आमच्या रोपवाटिकेचा उगम एका फसलेल्या खरेदीत आहे. वडील सोलापुरातील एका कापड गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडल्यावर हाती आलेल्या पैशातून त्यांनी बार्शी रस्त्याकडच्या वडिलोपार्जित तीन एकरांत विहीर खोदली आणि फळबाग लावायचे ठरवले. १९९० मध्ये राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू केली होती, त्यामुळे आजूबाजूला बोर, डाळिंब आणि सीताफळ यांच्या बागा उभ्या राहत होत्या. वडिलांच्या मनात मात्र केसर आंबा होता. एका शेतीविषयक मासिकातील जाहिरात वाचून त्यांनी परराज्यातील एका रोपवाटिकेचे माहितीपत्रक मागवले आणि चाळीस कलमांची मागणी व्ही. पी.ने नोंदवली. व्ही. पी.ची रीत अशी की, पोस्टमनच्या हाती पैसे ठेवल्याशिवाय पार्सल उघडता येत नाही. दोन खोकी आली, पैसे दिले, खोकी उघडली. माती झटकलेली, पेंढ्यात आणि गोणपाटात गुंडाळलेली रोपे निम्मीअधिक वाळली होती. चाळीसांतली सव्वीस जगली.

त्या सव्वीस झाडांना पहिली फळे यायला पाच वर्षे लागली आणि ती फळे रेषाळ व आंबट निघाली. वडिलांनी कोणाला शिव्या दिल्या नाहीत. पुढे फळबागेचा विषय मात्र त्यांनी घरात कधी काढला नाही. मी कृषी पदविका घेऊन शासकीय रोपवाटिकेत कलमे बांधायला शिकलो, तेव्हा सुट्टीत घरी येऊन प्रत्येक झाडाचे बुड तपासले. चौदा झाडांच्या खोडावर सांध्याची (मुळे देणाऱ्या खुंटावर वाणाची काडी जोडतात त्या जागेची) खूणच नव्हती; म्हणजे कलमाच्या भावाने साधी कोयीची रोपे विकली गेली होती. उरलेल्या बारांवर सांधा स्पष्ट दिसत होता, पण त्याच्या वरचा भाग वाळून गेलेला होता आणि आज उभे असलेले झाड सांध्याखालून फुटलेल्या धुमाऱ्याचे होते. ही बारा झाडे विकणाऱ्याने खरी पाठवली होती. प्रवासात कलमकाडी मेली, खाली खुंट फुटला, आणि हिरवे पान दिसताच आम्ही आनंदाने त्यालाच पाणी घातले. फसवणूक आणि अज्ञान यांचे हे प्रमाण मी वडिलांना सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मग पाठवणाऱ्याने ते लिहून द्यायला नको होते का?”

आज आमच्या प्रत्येक कलमाच्या सांध्यावर पांढऱ्या रंगाचा पट्टा असतो आणि खोक्यात एक छापील कागद असतो: पट्ट्याच्या खाली जे काही फुटेल ते नखाने खुडून टाकावे. डाळिंबाच्या खोक्यात हा कागद जात नाही. डाळिंबाची गुटी, म्हणजे फांदीलाच मुळे फोडून केलेले रोप, स्वतःच्याच मुळांवर वाढते, तिला खुंट नसतो, त्यामुळे वरचा भाग करपून बुडातून फूट आली तरी ती त्याच वाणाची असते. सुरुवातीला आम्ही सरसकट सगळ्यांना तोच कागद टाकत होतो, आणि लातूरच्या एका ग्राहकाने भगवा या डाळिंबाच्या वाणाच्या वीस रोपांचे बुडातले सगळे फुटवे काढून टाकून वर आमचे आभारही मानले होते.

फळरोपवाटिकांसंबंधी १९६९ चा जो राज्य कायदा आहे, त्यानुसार परवाना घेऊन २००८ मध्ये आम्ही अर्ध्या एकरात शेडनेट उभारले. खुंट कोठून आला, कलमकाडी कोणत्या मातृवृक्षाची, याची नोंदवही ठेवणे हे काम बऱ्याच जणांना सरकारी कटकट वाटते. आमच्याकडे ती वही हाच खरा माल आहे असे मी मानतो. भाजीचे बियाणे खोटे निघाले तर तीन महिन्यांत कळते. आंब्याचे कलम खोटे निघाल्याचे कळते तोवर विकणाऱ्याचा फोन क्रमांकसुद्धा बदललेला असतो. वडिलांची ती आंबट आंब्याची झाडे आम्ही तोडली नाहीत. रायवळ कोय खुंटासाठी चांगली, म्हणून दर उन्हाळ्यात त्यांच्याच कोयी पेरून त्यांवर केसर बांधतो.

पहिली तीन वर्षे आम्ही फक्त जागेवर विक्री केली. त्या काळात तेल्या रोगाने जिल्ह्यातील डाळिंबाच्या बागा झोडपून काढल्या होत्या. सोलापूरजवळच्या केगाव येथे २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले होते आणि रोगमुक्त मातृबागेतूनच गुटी घ्यावी, असे तज्ज्ञ सांगत होते. अडचण अशी की, तेल्याचे जिवाणू फांदीवर असले तरी रोप वरून निरोगी दिसू शकते. छाटणीनंतरच्या नव्या फुटीवर ज्या बागेत एक जरी तेलकट डाग दिसला, त्या बागेची गुटी घ्यायची नाही, असे आम्ही ठरवले. त्यामुळे दोन हंगाम डाळिंबाची विक्री जवळपास बंद राहिली. त्या रिकाम्या काळातच दूरच्या ग्राहकांना पार्सलने रोपे पाठवण्याचा विचार पुढे आला, आणि वडिलांचा त्याला पहिल्या दिवसापासून विरोध होता.

त्यांचे म्हणणे खरे ठरण्याची वेळ लवकरच आली. २०११ च्या पावसाळ्यात आम्ही शंभरेक पार्सले पाठवली, तीही चांगली तीन फुटी कलमे, मातीच्या पिशवीसकट. आमची माती काळी. ओली असताना ती शिशासारखी जड आणि सुकली की तडकते. खोके आडवे झाले की ढेकूळ हलते, त्याबरोबर बारीक मुळे तुटतात, आणि वरून रोप टवटवीत दिसत असले तरी आठवड्याने माना टाकते. भाडे वजनावर आकारले जात असल्याने ग्राहकाने रोपापेक्षा मातीचेच पैसे जास्त मोजले. त्यातच आषाढीच्या सुमारास एस. टी.च्या गाड्या पंढरपूरच्या यात्रेकडे वळल्या आणि एस. टी. पार्सलने दिलेली आमची पंधरा खोकी आगारात पाच दिवस पडून राहिली. लागवडीचा हंगाम आणि वारी एकाच वेळी येते, हे सोलापूरच्या माणसाला कोणी सांगायला हवे होते असे नाही. मला ते त्या वर्षी सुचले नाही एवढेच. आता एकादशीच्या आधीचे दहा दिवस आम्ही एस. टी.ने काहीही पाठवत नाही.

यानंतर आम्ही रोप लहान केले. हा निर्णय सांगायला सोपा, पण विकायला फार अवघड होता, कारण मोठे झाड घेतले तर फळ लवकर मिळेल अशी ग्राहकाची पक्की समजूत असते. प्रत्यक्षात पिशवीत दोन-तीन वर्षे अडकलेल्या झाडाची मुळे तळाशी गोल गोल गुंडाळली जातात आणि जमिनीत लावल्यावरही ती बराच काळ त्याच वळणात राहतात. दीड फुटी ताजे कलम अनेकदा त्याच्या पुढे निघून जाते. मातीऐवजी कोकोपीट आणि थोडे कुजलेले शेणखत वापरल्याने वजन निम्म्याहून कमी झाले. पाठवण्यापूर्वी निम्मी पाने कापतो, कारण खोक्यातही पानांतून पाणी उडत राहते आणि दुखावलेली मुळे ते भरून काढू शकत नाहीत. खोकी आम्ही टेरी टॉवेलच्या कारखान्यांतून नाकारलेली, एका बाजूने फाटलेली घेतो. ती लांबट असल्याने कलम तिरके न करता मावते. बांधणीचे काम चार बायका करतात. त्या पूर्वी विड्या वळायच्या. कलमाची पट्टी न सुटता, न काचता कशी बसवायची हे त्यांच्या बोटांना मला शिकवावे लागले नाही. उलट माझी गाठ पाहून त्या हसतात आणि आपसांत तेलुगूत काहीतरी बोलतात.

कोणते झाड केव्हा प्रवास सोसते, हे आम्हाला नुकसानीतूनच समजले. सीताफळाची पाने हिवाळ्याच्या शेवटी गळतात. नवी फूट येण्याआधीचे ते थोडेसे दिवस त्याच्या प्रवासासाठी उत्तम. अंजिराची काडी थंडीत झोपलेली असते, तेव्हा ती माती काढूनही ओल्या शेवाळात पाठवता येते. आंबा आणि चिकू कायम हिरवे, त्यांना मुळांभोवतीचा गोळा हवाच. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास सोलापूरची हवा खोक्यांना सर्वांत मानवते, पण त्या वेळी मागणी नसते. मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत मागणी भरपूर असते आणि तेव्हा आम्ही पाठवणे बंद ठेवतो. पारा चाळिशीच्या पुढे असताना गाडीच्या बंद हौद्यात रोप दोन दिवसही टिकत नाही. काही ग्राहकांना अक्षय्य तृतीयेचाच मुहूर्त हवा असतो. त्यांना मी नम्रपणे सांगतो की त्या दिवशी खड्डा खणावा, तो उन्हात तापू द्यावा, रोप मृगात लावावे. ठाण्याच्या एका गृहस्थांनी तर जानेवारीत मिळालेले खोके गुढीपाडव्यासाठी न उघडता गच्चीवर ठेवले होते आणि नंतर भरपाई मागितली. ती मी दिली नाही, आणि अजूनही त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

भरपाईचा आमचा नियम साधा आहे. खोके मिळाल्यापासून दोन दिवसांत उघडून छायाचित्र पाठवल्यास मेलेल्या रोपाऐवजी पुढच्या हंगामात दुसरे मिळते. वाण खोटा निघाल्यास मुदत नाही. सात वर्षांनंतर एकदा असा फोन आला: पांढऱ्या गराचा सरदार म्हणून दिलेल्या पेरूच्या दाब कलमाला आतून लाल गराची फळे लागली होती. नोंदवही काढली, तेव्हा त्या आठवड्यात लाल गराच्या ललित वाणाच्या रांगेशेजारची चिठ्ठी चुकल्याचे दिसले. अकरा झाडे होती. पैसे परत केले आणि नवी कलमेही पाठवली. ग्राहकाने लाल पेरूची झाडे काही काढली नाहीत.

अलीकडे सफरचंदाची विचारणा फार होते. हिमाचलमधील हरिमन ९९ हा वाण कमी थंडीत फुलतो हे खरे, म्हणून मी स्वतः सहा रोपे मागवून विहिरीजवळ लावली. दोन जगली, फळेही आली. त्या फळांच्या चवीविषयी लिहिण्यासारखे काही नाही. सफरचंदाची रोपे आम्ही विकत नाही.

मला सर्वांत समाधान देणारा आणि हिशेबनीसाला सर्वांत त्रास देणारा विभाग बोराचा आहे. बोराचे सोटमूळ पिशवीच्या तळातून केव्हाच खाली उतरते. रोप उचलताना ते तुटते आणि झाडाचा दुष्काळ सोसण्याचा गुणच त्याबरोबर जातो. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात तो गुण घालवून बोर लावण्यात अर्थ नाही. म्हणून २०१६ पासून आम्ही बोराची रोपे पार्सलने देणे थांबवले. ग्राहकाला रानबोराच्या बिया पाठवतो, त्या त्याने कायमच्या जागीच पेरायच्या. पुढच्या पावसाळ्यात खुंट पेन्सिलीएवढा झाला की उमराण किंवा कडाका या वाणांच्या डोळकाड्या ओल्या शेवाळात गुंडाळून टपालाने जातात आणि डोळा, म्हणजे काडीवरची कळी, त्याने स्वतः खुंटाच्या सालीत भरायचा. पाकिटाचे वजन शंभर ग्रॅमही नसते. डोळा भरायची रीत फोनवर सांगण्यात माझा अर्धा अर्धा तास जातो आणि एका पाकिटामागे मिळणाऱ्या पैशात तो बसत नाही, हे हिशेबनीस दर जुलैमध्ये न चुकता दाखवून देतात. यंदा जतहून एका शिक्षिकाबाईंनी चाळीस खुंटांवर डोळे भरले, त्यांतले एकतीस फुटले. उरलेल्या नऊंसाठी काड्या सोमवारच्या टपालाने निघतील.