दाभोळ ते जयगड: टाकी निधीची, पाणी गावचं

दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडून धोपावेला उतरायचं, मग गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ, आणि तिथून पुन्हा फेरीबोटीने जयगड. लोक ही वाट समुद्रासाठी करतात. मी या खेपेला ग्रामपंचायतींचे फलक वाचत गेलो आणि पाण्याच्या टाक्या बघत गेलो. पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू आहे आणि अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. ते विषय गाव खरंच आपल्या हाताने चालवतं का, ते टाकीपाशी उभं राहिलं की लगेच कळतं.

आधी पैशाचं. पंधराव्या वित्त आयोगाचा २०२१ ते २०२६ या वर्षांचा निधी ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा, आणि ४० टक्के अबंधित असा ठरलेला. समजा गावाच्या वाट्याला १० लाख आले, तर ३ लाख पिण्याच्या पाण्याला, ३ लाख स्वच्छतेला. उरलेले ४ लाख गावाच्या मर्जीचे, पण त्यातून पगार आणि कचेरीचा खर्च भागवता येत नाही. जेटीकडची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, खचली असेल तर ती याच ४ लाखांतून बांधायची. त्यातही काम आधी गावाच्या विकास आराखड्यात हवं, अंदाजपत्रक हवं, सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) दोघांची डिजिटल सही हवी. मार्चमध्ये हप्ता आला तर हाताशी एप्रिल-मे एवढेच महिने राहतात. जूनच्या पहिल्या सरीनंतर कोकणात चिऱ्याचं बांधकाम कोण काढणार?

आता टाकी. घरोघरी नळ देणाऱ्या केंद्राच्या जलजीवन मिशनचा हिशोब रोज माणशी ५५ लिटरचा, म्हणजे ९०० वस्तीच्या गावाला रोज साधारण ५०,००० लिटर. विहीर खाली वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी, टाकी वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. साडेसात अश्वशक्तीची मोटार सहा तास चालली की ३३ ते ३४ युनिट जातात. महिन्याला हजार युनिट. पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे भरलेल्या टाकीला पाव किलो. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी टाकीत सोडायची. अर्ध्या तासाने शेवटच्या घराच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघणारी चाचणी; द्रावणाचे थेंब टाकून पाणी पिवळं झालं तर क्लोरीन तिथवर पोचला. दमट हवेत पोत्याचं तोंड उघडं राहिलं की पावडर मरते आणि मोजून टाकूनही रंग येत नाही.

वीजबिल, पाणी सोडणाऱ्याचा पगार आणि टीसीएल हे तीन खर्च बारमाही आहेत. बंधित निधीतून देखभालीला पैसे काढता येतात, पण हप्ता कधी पडेल ते गावाच्या हातात नाही आणि वीजबिल तर दरमहा दारात. बिल थकलं, जोडणी तुटली की नवीकोरी टाकी कोरडी पडते आणि एप्रिलमध्ये बायका पुन्हा कळशी घेऊन वहाळात उतरतात. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जांभा तो धरून ठेवत नाही. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा मला टाकीइतकाच मोलाचा वाटतो. त्याला वरून कुणाची मंजुरी येण्याची वाट बघावी लागत नाही.

पाणीपट्टी वसूल होण्यात खरी अडचण बंद घरांची. चाकरमानी मुंबईत, घराला कुलूप, मागणीचं बिल दाराच्या फटीत. त्यावर एक साधा उपाय आहे. घरपट्टी ३० सप्टेंबरच्या आत भरली तर ५ टक्के सूट मिळते आणि गणपती दरवर्षी त्याआधीच येतात. चतुर्थीनंतरचे चार दिवस कचेरी उघडी ठेवायची, नमुना नंबर ९, म्हणजे कर मागणीची नोंदवही, टेबलावर ठेवायचा, दोन्ही पट्ट्या एकदम घ्यायच्या. सुट्टी म्हणून याच दिवसांत कचेरी बंद ठेवली की वर्षाची वसुली गेली.

चाकरमान्यांच्या मुंबईतल्या ग्राममंडळाचा पैसाही मदतच. तो वेळेवर येतो, मनापासून येतो, पण कधीकधी पाईप कोणत्या वाडीला आधी जायचा हेही मंडळच ठरवून येतं. देणगी आनंदाने घ्यावी. वाडी मात्र ग्रामसभेने ठरवावी, आणि ठरावात तसं स्पष्ट लिहावं. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी असेल तो. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. अख्ख्या गावाचा आराखडा मग पंचवीस माणसांत मंजूर होतो आणि ज्या वाडीचं कुणी आलेलं नसतं तिचा पाईप मागे पडतो. सभेची नोटीस कचेरीच्या फळ्यावर लागते, पण खालच्या वाडीतून तिथवर रोज कोण चढून येणार? दवंडी देणारा गडी वाडीवाडीत फिरायला हवा, आणि सभा संध्याकाळी, होड्या परतल्यावर ठेवायला हवी.