ब्रँच रोज रिबेस करा, साचू देऊ नका

मागे गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) माझी एक फीचर ब्रँच, म्हणजे नव्या कामासाठी काढलेली कोडची वेगळी शाखा, तीन आठवडे तशीच पडून राहिली, आणि मेनमध्ये, म्हणजे मुख्य शाखेत, मर्ज करायला (मिसळायला) गेलो तर चौदा फाइल्समध्ये कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन वेगळे बदल), अख्खा दिवस त्यातच गेला. तेव्हापासून सकाळी पहिलं काम हेच, गिट फेच अपस्ट्रीम (मूळ रेपोमधले, म्हणजे सामायिक कोडसाठ्यातले, नवे बदल आणायला), मग गिट रिबेस अपस्ट्रीम/मेन, बास. रोज केलं की कॉन्फ्लिक्ट आलाच तर दोन-चार ओळींचा असतो.

रिबेस म्हणजे काय, तर गिट तुमचे कमिट्स (नोंदवलेले बदल) बाजूला काढतं, खाली नवीन मेन घेतं आणि तेच कमिट्स एकेक करून परत वर लावतं, त्यामुळे प्रत्येक कमिटचा हॅश (त्याची ओळखखूण) बदलतो आणि दुसऱ्याकडच्या जुन्या कमिट्सशी मेळ बसत नाही. म्हणून ज्या ब्रँचवर अजून कोणी काम करतंय तिथे मी रिबेस करत नाही, सरळ मर्ज करतो. आणि रिबेसनंतर पुश करताना (ब्रँच सर्व्हरवर पाठवताना) नुसतं फोर्स, म्हणजे तिथलं जबरदस्तीने बदलणं, नको हो, फोर्स-विथ-लीज वापरा, मधल्या वेळात कोणी काही ढकललं असेल तर गिट अडवतं (एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत असेल तर मात्र हे संरक्षण कमी पडतं, ते सेटिंग बघून घ्या).

अजून एक, गिटमध्ये रेरेरे (rerere) नावाचं सेटिंग आहे, फार कमी लोक चालू करतात याचं मला खरंच वाईट वाटतं. एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट गिट लक्षात ठेवतं आणि पुन्हा तोच आला की जुनं उत्तर स्वतःच लावतं, आपण फक्त फाइल तपासून गिट ॲड करायचं. आणि मधेच सगळं गोंधळलं तर गिट रिबेस --अबॉर्ट, ब्रँच होती तिथे परत.